जुन्या एक-सिलिंडर ट्रॅक्टरचं कॉम्प्रेशन नेमकं कुठून जातंय : कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

ट्रॅक्टर बागेतला छोटा. पंधरा एचपी, एक सिलिंडर, डिझेल, पाण्यावर थंड होणारा. बोअर ९५ मिमी, स्ट्रोक ११५. सेल्फ आहे, हँडलही बसतं, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर आहे (तो दाबला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरा उघडा राहतो आणि इंजिन हलकं फिरतं). घेतला तेव्हाच जुना होता आणि तासांचा मीटर बंद, त्यामुळे इंजिन किती चाललंय हे कुणालाच ठाऊक नाही. मोसंबीच्या ओळीतून मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, म्हणून हा ठेवलाय.

तक्रार कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो त्या दाबाची. डिझेल त्या दाबाने तापलेल्या हवेतच पेटतं. सकाळच्या गारठ्यात इंजिन चालू होत नाही. सेल्फ मारत राहिलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि कच्च्या डिझेलचा वास. म्हणजे डिझेल आत पडतंय, पेटत नाही. एकदा गरम झाला की दिवसभर चालतो, पण रोटाव्हेटर जरा खाली टेकवला की दम टाकतो. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑईलच्या भागातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतूनही धूर मारतो.

लिव्हर न दाबता हँडल फिरवून पाहिलं. चांगलं इंजिन कॉम्प्रेशनवर अडतं आणि हँडल उलटं ढकलतं (अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, गुंडाळून धरू नका). आमचं अडतं, पण नुसतं दाबून धरलं की फुस्स करून पार होतं.

गावातल्या मिस्त्रीने तेवढ्यावरच निकाल दिला. "लायनर-पिस्टन गेलंय भाऊ. किट टाकून घ्या, मजुरीसकट पंधरा हजार." लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, पिस्टन त्यातच वरखाली होतो. मिस्त्री अनुभवी माणूस आहे, हवेत बोलत नाही. पण हवा जायला वाटा चार आहेत: इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा), पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट. किटने त्यातली एकच बंद होते. आंबे बहारासाठी बाग ताणावर सोडली की डिसेंबरअखेर मशागतीला ट्रॅक्टर लागेल. तोवर वेळ आहे, तेव्हा आधी हवा कुठून जाते ते बघायचं आणि मगच पाना लावायचा, असं ठरवलं.

४ नोव्हेंबर

आधी फुकटातल्या तपासण्या.

बॅटरी: सेल्फ मारताना व्होल्टेज नऊच्या खाली जात होतं. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेला निसटायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो, मग चांगलं कॉम्प्रेशनही कमी दिसतं. टर्मिनल घासली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. आता सेल्फ मारताना सव्वादहा टिकतं.

एअर क्लीनर: ऑईलबाथ. वाटीत ऑईल नव्हतं, चिखल होता. क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणारी रबरी नळी काढली तर क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर. मॅनिफोल्डच्या आत बोट फिरवलं. तपकिरी-काळं वंगण लागलं आणि दोन बोटांत चोळल्यावर करकरलं. आपली काळी माती वाळली की तिची धूळ किती बारीक होते ते रोटाव्हेटरमागे चालणाऱ्याला सांगायला नको. ती धूळ न गाळता सरळ सिलिंडरमध्ये जात होती, कधीपासून ते देव जाणे. रिंगांवरचा संशय इथेच पक्का झाला. मिस्त्रीचं म्हणणं अर्धं तरी खरं निघणार होतं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट: कव्हर काढलं. इनटेकला ०.३० मिमीची माप-पट्टी बरोबर जाते. एक्झॉस्टला ०.३५ हवी, तिथे ०.०५ सुद्धा जाईना. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर पूर्ण सोडलेला असतानाही त्याचा बोल्ट एक्झॉस्टच्या रॉकरला टेकलेलाच. म्हणजे लिव्हर सोडला तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह केसभर उघडा! आधीच्या कुणीतरी लिव्हर हलका चालावा म्हणून बोल्ट जास्त आत घेतलेला दिसतो, त्यावर लॉकनटचे ताजे ओरखडे होते. लिव्हरची स्प्रिंगही ढिली.

बोल्ट मागे घेतला, लॉकनट आवळला, मग टॅपेट ०.३५ ला लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बोल्ट टेकलेला असताना टॅपेट लावला तर पट्टी खोटं माप देते.

हँडल आता जरा जास्त अडतं. इंजिन चालूही लवकर झालं. इथे थांबायचा मोह होतो, पण ब्रीदरचा धूर तसाच आणि सायलेन्सरमध्ये फटफट तशीच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीला टेकूनच सोडतो. जो व्हॉल्व्ह महिनोन् महिने नीट टेकलाच नाही तो जळलेला असणारच, आणि जळलेली कड टॅपेट लावून भरून येत नाही.

९ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन मोजणं. मोटारसायकलवाल्याकडचा टेस्टर चालत नाही, तो पेट्रोलचा, वीसेक किलोपर्यंतचा (किलो म्हणजे दर चौरस सेंमीवरचा दाब). डिझेलला सत्तर किलोपर्यंतचं दाबाचं घड्याळ लागतं. टेस्टर ३,२०० ला मिळाला, पण नोझलच्या (डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या) भोकात बसणारा अडॅप्टर त्यात नव्हता. जालन्याला मोंढ्याजवळच्या लेथवाल्याकडून जुन्या नोझलच्या मापाने करून घेतला, ४५० रुपये.

पहिलं रीडिंग १७ किलो. या जातीच्या इंजिनाला २८-३० हवं. १७ वर तर ते मघाशी चालूच व्हायला नको होतं, म्हणून आकड्यावर विश्वास बसेना.

दोष अडॅप्टरचा निघाला. लेथवाल्याने आतलं भोक मोकळंढाकळं पाडलं होतं आणि टेस्टरचा एकमार्गी व्हॉल्व्ह वर, घड्याळाजवळ. तेवढी सगळी पोकळी सिलिंडरच्या जागेत मिळवली जाते. हिशेब असा: या इंजिनाचा एक स्ट्रोक ८१५ सीसीचा, कॉम्प्रेशन रेशो १८ (हवा अठराव्या हिश्शात दाबली जाते), म्हणजे पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा फक्त ४८ सीसी. अडॅप्टरची सहा सीसी त्यात धरली की ५४, आणि रेशो १८ चा १६ वर येतो. इंजिन बिघडलेलं नसतानाही घड्याळ कमीच दाखवणार. पेट्रोल इंजिनात उरलेली जागा पुष्कळ मोठी असते, तिथे एवढा फरक पडत नाही. डिझेलला पडतो.

भोकात सळईचा तुकडा बसवून मधून बारीक छिद्र ठेवलं, एकमार्गी व्हॉल्व्ह खाली घेतला, तांब्याचं वॉशर नवीन टाकलं. जुनं वॉशर तापवून मऊ न करता परत वापरलं तर तिथूनच हवा सुटते. साबणाचं पाणी लावून खात्री करा.

नवं रीडिंग २०. इंजिन गरम, एअर क्लीनर बाजूला, डिझेल बंद, घड्याळाचा काटा स्थिर होईपर्यंत सेल्फ. आणखी एक गोष्ट धरायला हवी. आपण समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहोत, इथे हवाच पाच-सहा टक्के विरळ. पुस्तकातल्या ३० ला इथे २८ समजायचं. तरी २० फार कमी.

११ नोव्हेंबर

सगळे सांगतात ती ऑईलची परीक्षा: सिलिंडरमध्ये थोडं ऑईल टाकायचं, रीडिंग वाढलं तर रिंगा खराब, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. पुतण्या आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय, त्यालाही हेच शिकवलंय.

सिरिंजने मोजून पाच मिली टाकलं. आधी हँडलने हळू फिरवून घेतलं, कारण ऑईल दबत नाही आणि जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रीडिंग २० चं २४ झालं.

पुतण्या खूश. "काका, रिंगाच गेल्यात." मी त्याला परत ४८ सीसीचा हिशेब दाखवला. पाच मिली ऑईलने जागा ४३ सीसी उरते, रेशो १८ चा २० होतो. रिंगा नव्या कोऱ्या असत्या तरी २० चे २३ झालेच असते. उरलेल्या एका किलोवर निकाल देता येत नाही. पेट्रोलच्या मोठ्या दहनकक्षासाठीची परीक्षा डिझेलला जशीच्या तशी लावतात आणि मग रिंगा बदलून बसतात.

१५ नोव्हेंबर

खरी तपासणी ही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अर्ध्या दिवसासाठी आणला. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणायचा, नोझलच्या भोकातून पाच किलो हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं.

पिस्टन वर कुठल्या स्ट्रोकला आला ते ओळखायची खूण म्हणजे दोन्ही टॅपेट ढिले असतात. एकीकडे फट आणि दुसरीकडे ताण असेल तर एक फेरा अजून फिरवा. इकडे लक्ष दिलं नाही तर एक्झॉस्ट उघडा असताना हवा सोडली जाते आणि सायलेन्सरमधून वादळ येतं.

हँडल आधी काढून ठेवा. ९५ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७१ चौरस सेंमी. पाच किलोने गुणलं की साडेतीनशे किलोहून जास्त जोर. पिस्टन जरा जरी खाली सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात फिरते. टॉप गिअर टाकला, ब्रेक दाबून धरायला माणूस बसवला, चाकांना दगड लावले. तरी सुरुवातीला ट्रॅक्टर वीतभर हलला आणि सगळं परत जुळवावं लागलं. त्यात दुपार गेली.

मग ऐकणं. रबरी नळीचं एक टोक कानाला. मॅनिफोल्ड शांत, इनटेक व्हॉल्व्ह ठीक. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात पाहिलं, बुडबुडा नाही, गॅस्केट ठीक. सायलेन्सरमधून स्पष्ट सूऽऽ. ब्रीदरमधूनही येतंय, पण चांगल्या इंजिनातही थोडं येतंच, तेव्हा कानावर किती भरवसा ठेवायचा? देवघरातून उदबत्ती आणली. ब्रीदरच्या तोंडाशी धरली तर धुराची सरळ रेघ मोडून आडवी पळाली. सायलेन्सरच्या तोंडाशी तर उदबत्ती फुलून लाल झाली. पुतण्या म्हणाला, "दोन्हीकडून मारायलंय की काका."

किती मारतंय ते कळायला दोन घड्याळं आणि मध्ये एक मिमी भोकाची जेट (बारीक तोटी) लावली, ९०० रुपयांत झालं. पहिल्या घड्याळावर पाच, दुसऱ्यावर तीन पॉइंट एक. म्हणजे ३८ टक्के गळती. दहा-बारा टक्के चालतात, पंधरा-वीसपर्यंत मी गप्प बसलो असतो.

आता परत पाच मिली ऑईल टाकलं. या परीक्षेत पिस्टन हलत नाही, जागा कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नाही, म्हणून इथे ऑईल खरं बोलतं. तीन पॉइंट एकचं तीन पॉइंट सहा झालं. रिंगांचा वाटा आहे, पण ऑईलने रिंगा बंद झाल्यावरही २८ टक्के उरतातच. ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे.

पेट्रोलचा वीडर किंवा छोटं इंजिन असलेल्यांनी तर हीच तपासणी करावी. त्यातल्या बऱ्याच इंजिनांत दोरी ओढताना हलकं जावं म्हणून कॅमशाफ्टवरच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) कॉम्प्रेशन सोडणारी सोय असते. घड्याळ लावून दोरी ओढली की ठणठणीत इंजिनाचंही रीडिंग पडेल दिसतं.

२१ नोव्हेंबर

हेड उतरवलं. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांतून हेडमध्ये डिझेल ओतून पाहिलं तर इनटेक कोरडा, एक्झॉस्टच्या कडेने धार. व्हॉल्व्ह काढला. कड सगळीकडे काळी, फक्त एका जागी नखाएवढी पांढुरकी पट्टी आणि तिथे कड खाल्लेली. सीटवरही समोरासमोर तशीच खूण.

व्हॉल्व्ह नवा घेतला (३४०), सीट लेथवाल्याकडून कापून आणली आणि बारीक पेस्ट लावून घरी घासला. रबरी कपाची काठी तळहातांत रवीसारखी फिरवायची, मधून मधून उचलून जागा बदलायची. करकर कमी होऊन आवाज मऊ झाला की पुसून बघायचं. करड्या रंगाचा सलग पट्टा दिसला पाहिजे, दीड मिमीच्या आसपास. रुंद झाला तर सीट परत कापा, घासत बसू नका. पेस्टचा कण मागे राहिला तर गाइड खातो, म्हणून डिझेलने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने धुतलं.

मिस्त्री म्हणाला हेड फेस मारून (खालची बाजू घासून सपाट करून) आणा, उघडलंच आहे तर. पट्टी टाकून पाहिलं, ०.०५ ची पातळ पट्टीही कुठे आत जात नाही. सपाट हेडला फेस मारलं तर व्हॉल्व्ह उगाच पिस्टनच्या जवळ येतात. नाही मारलं.

लायनर: वर, जिथे रिंग पोचत नाही तिथे, नखाला न झिजलेला काठ लागतो. लेथवाल्याच्या बोअर गेजवर वरच्या बाजूला ९५.१४, खाली ९५.०३. झीज ०.११. पुस्तकातली मर्यादा ०.२५, म्हणजे लायनर चालतो. जुनी वरची रिंग लायनरच्या खालच्या न झिजलेल्या भागात सरळ बसवून फट मोजली, १.१० मिमी. नव्या रिंगेची ०.४० भरते. वरच्या झिजलेल्या भागात ही फट अजून वाढते, कारण परिघाचा हिशेब लागतो: व्यास ०.११ ने वाढला की फट ०.३५ ने. म्हणजे जुनी रिंग जिथे जोर लागतो तिथे दीड मिमीच्या जवळ उघडी होती. नवी तिथे पाऊण मिमी उघडी राहील. अगदी नव्यासारखं होणार नाही हे माहीत असूनच लायनर ठेवला.

मिस्त्रीचा एक आक्षेप बिनतोड होता. जुनी रिंग झिजून गोल झालेली असते आणि काठाखालून सरकते, नवी चौकोनी कडेची तिथे आदळते आणि तुटते. काठ रीमरने काढायलाच हवा. तो त्यानेच काढून दिला, आणि काढताना किटमध्ये कसे पैसे वाचले असते ते ऐकवलं. लायनरला हाताने हलकी जाळी (बारीक तिरके ओरखडे) मारली. पिस्टनच्या खाचेत नव्या रिंगेबाजूला ०.०८ ची पट्टी जाते, म्हणजे पिस्टनही राहिला.

२८ नोव्हेंबर

जुळणी. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ दिल्या नाहीत. नवं गॅस्केट, हेडचे बोल्ट कर्णावर आणि तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. त्याआधी पिस्टनवर सोल्डरची तार ठेवून, हेड तात्पुरतं आवळून एक फेरा फिरवला होता, दबलेल्या तारेची जाडी (पिस्टन आणि हेडमधली जागा) पुस्तकातल्या मापात आली. चीर पडलेली नळी बदलली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. डिकॉम्प्रेशनची स्प्रिंग नवी, आणि लिव्हर सोडल्यावर बोल्ट आणि रॉकरमध्ये फट दिसते ना ते आधी पाहून मगच कव्हर लावलं.

परत हवा सोडून पाहिली. पाचचे चार पॉइंट चार, १२ टक्के. सायलेन्सर गप्प. ब्रीदरशी उदबत्तीचा धूर थोडा वाकतो, तेवढाच.

चालू झाल्यावर निळसर धूर आला, अपेक्षित होता. रिकामा फटफटत ठेवला नाही. रिंगा लोडवरच बसतात, नुसत्या आयडलिंगवर लायनर गुळगुळीत होऊन बसतो आणि मग ऑईल खातच राहतो. ट्रॉलीत शेणखत भरून बागेत नेलं. गार झाल्यावर हेड परत टॉर्क केलं आणि टॅपेट परत तपासले, एक्झॉस्ट ०.३० वर आला होता. नवा व्हॉल्व्ह सीटमध्ये जरा बसतो, त्यामुळे ही दुसरी तपासणी टाळू नये.

१९ डिसेंबर

कॉम्प्रेशन आज २७. ब्रीदरचा धूर जवळपास गेला, ऑईल अजून थोडं खातो. पहाटे गारठ्यात पहिल्या नाही तरी दुसऱ्या सेल्फला चालू होतो, बॅटरी तीच. रोटाव्हेटर पूर्ण खाली टाकून ओळ संपवतो.

खर्च एकूण साडेनऊ हजारांच्या आसपास: रिंगा ९५०, गॅस्केट ३८०, व्हॉल्व्ह ३४०, सीट कापणं ६००, ऑईल १,४००, नळी आणि क्लिपा २२०, किरकोळ १३०, काठ काढून जुळणीला हात लावल्याचे मिस्त्रीला १,०००. बाकीचे साडेचार हजार टेस्टर, अडॅप्टर आणि घड्याळांचे. पंधरा हजारांच्या किटपुढे बचत फार मोठी नाही, आणि वेळ भरपूर गेला. पण किट टाकून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तसाच जळका राहिला असता, बोल्ट रॉकरला टेकलेलाच राहिला असता आणि चिरलेल्या नळीतून नवा लायनर पुढच्या हंगामात धूळ खात बसला असता.

राहिलेली कामं: नोझल तपासायचं आहे, फवारा एका बाजूला पडतोय असा संशय आहे. टॅपेट कव्हरमधून ऑईल पाझरतंय, कॉर्कचं गॅस्केट बदलायला हवं. रोटाव्हेटर चालू असेपर्यंत एअर क्लीनरची वाटी रोज संध्याकाळी उघडायची, हे पुतण्याकडे दिलंय.